दुसरा ब्रेक

माझ्या पायाखाली एक ब्रेक असतो,
शिकणाऱ्याला तो दिसत नाही.
बावीस वर्षं झाली पाथर्डी फाट्यावर शिकवतेय,
जुनी पांढरी गाडी, टपावर लाल एल,
आणि उजवी चप्पल नेहमी डावीच्या आधी झिजते.

शकुंतला भामरे, वय एकसष्ट.
नवरा गेल्यापासून गाडी दारात धूळ खात उभी,
म्हणून शिकायला आल्या.
वळायच्या शंभर फूट आधी इंडिकेटर देतात,
आरशात बघतात, मान वळवून पुन्हा बघतात,
आणि मागचा टेम्पो हॉर्नवर तळहात ठेवून झोपी जातो.
"मॅडम, माझं काही चुकलं का?"
नाही काकू. चुकलं नाही, तेच चुकतंय.

मुंबई नाक्यावर सिग्नल आहे. म्हणजे असावा.
त्याच्या पुढ्यात वाढदिवसाचा फ्लेक्स:
आमचे माजी नगरसेवक, भावी आमदार, हात जोडून,
खाली पस्तीस शुभेच्छुक, सगळे गॉगलमध्ये.
लाल की हिरवा, ते आम्ही
शेजारच्या रिक्षावाल्याच्या तोंडावरून ओळखतो.
मागच्या वाढदिवसाला फ्लेक्सचा रंग वेगळा होता.
लेन बदलली तेव्हा त्यांनी इंडिकेटर दिला नाही,
भर चौकात, रात्रीतून,
आणि मत दिलेले आम्ही
मागच्या सीटवर, बेल्टशिवाय.

परवा इंदिरानगरच्या बोगद्यापाशी अडकलो.
कुणीतरी मोठं येणार होतं.
पन्नास मिनिटं.
काकूंनी पर्समधून शेंगदाण्याचे लाडू काढले.
मागे एक ॲम्ब्युलन्स ओरडत होती,
मग थकली, मग नुसता दिवा फिरत राहिला.
एक बुलेट फुटपाथवर चढली,
तिच्यामागून दुसरी, मग आख्खी इनोव्हा,
दोन चाकं वर, दोन खाली,
काचेवर लिहिलेलं: साहेबांचा आशीर्वाद.

घरी सासरे बातम्या लावून बसतात,
कान कमी, म्हणून आवाज जास्त.
एका वाहिनीवर: नाशिककरांचं उत्स्फूर्त स्वागत, गाड्यांच्या रांगाच रांगा!
दुसरीवर: नाशिककरांचा उद्रेक, रस्ते ठप्प!
चित्र एकच. तेच, बोगद्याचं.
कोपऱ्यात माझी पांढरी गाडी,
आत काकू, लाडू तोंडाकडे जाताना,
इकडे उत्साही, तिकडे संतप्त.
ॲम्ब्युलन्स होती, पण तिच्या अंगावरून
सोन्याच्या भावाची पट्टी धावत होती.
मग चार चौकटींत चार जण एकदम बोलायला लागले,
संध्याकाळी सातचं द्वारका,
आणि मधला पोलीस सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारा.

तेव्हा कळलं, मी उजवा पाय दाबून धरलाय,
फरशीवर, जीव खाऊन,
जिथे काहीच नाही.

"पोटरीत गोळा आला का गं?" सासऱ्यांनी विचारलं.
हो म्हणाले.

एक सांगायचं राहिलं.
त्याच दिवशी, काकूंना सोडून येताना,
पेट्रोल पंपापासून मीही उलट्या बाजूनं आले.
दोनशेच मीटर. उशीर झाला होता. हेडलाइट लावले होते.
समोरच्या स्कूटीवालीनं चिखलात पाय टेकून मला वाट दिली,
आणि माझ्या दारावरचं नाव वाचलं:
शिस्त मोटर ड्रायव्हिंग स्कूल.
सावकाश वाचलं.

आज पेठ रोडला, आरटीओत, काकूंची परीक्षा.
सकाळी साडेसहाला शेवटचा सराव केला.
रस्ता रिकामा, दूधवालाही येऊन गेलेला.
वळणापाशी टिक-टिक, टिक-टिक.
काकू, कोणासाठी?
"ते कुत्रं बसलंय ना," म्हणाल्या,
आणि दुसरा गिअर टाकला.